तालीम साडेसातला

१९६९ साली डॉ. श्रीराम लागू पूर्णवेळ नट झाले. तोवर ते नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक होते. पुण्यात दवाखाना, पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड, मग टांझानियातल्या टबोरा इथं डॉक्टरकी, असा त्यांचा प्रवास झाला होता. चाळिशी उलटली होती. या वयात डॉक्टर मंडळी साधारणपणे स्वतःच्या हॉस्पिटलच्या जागेची बोलणी करत असतात. लागूंनी वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये काम घेतलं आणि व्यवसाय गुंडाळला. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, गोवा हिंदू असोसिएशनने वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग केला. त्यानंतर लागूंनी त्यात रंगवलेले गणपतराव बेलवलकर कोण, हे महाराष्ट्राला वेगळं सांगावं लागलं नाही.

पुढे काय घडलं ते ठाऊक असल्यामुळे हा निर्णय आज धीराचा वाटतो. त्या वेळी तो ऐकणाऱ्यांना कसा वाटला असेल, हे कुठल्याही मराठी मध्यमवर्गीय घराला कळेल. मुलानं नाटक करायला घरात कुणाची ना नसते. गॅदरिंगमध्ये कर, गणपतीत कर, स्पर्धेतही कर. फक्त ‘नोकरी सांभाळून’. मराठी रंगभूमीचा मोठा भाग या अटीवरच उभा राहिला आहे. नाटकवाल्यांना नाटकाची ओढ कशापायी लागते, हे समजून घ्यायचं तर ही अट पाळणाऱ्यांकडेच पाहायला हवं. त्यांचं पोट नाटकावर नसतं. सकाळी दुसरीकडे हजेरी लावायची असते. मग रात्री अकरापर्यंत शाळेच्या एखाद्या वर्गात ते काय करत बसतात?

लागू एकटे नव्हते. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या रंगवणारे काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवणारे. त्यात नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार शिकवू लागले. ‘महानिर्वाण’ लिहिणारे सतीश आळेकर त्याच महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचं काम करत होते. आणखी मागे गेलं तर गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ उभा करणारे डॉ. अ. ना. भालेराव सापडतात. एवढ्या डॉक्टरांना पैशांसाठी किंवा रिकामपणापायी नाटक करावं लागलं असेल, असं म्हणायला जागा नाही.

नोकरदारांची यादी तर न संपणारी. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. प्रशांत दामले बेस्टमध्ये. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. ‘वस्त्रहरण’ लिहिणारे गंगाराम गवाणकर टेलिफोन खात्यात. त्यांतल्या काहींनी पुढे नोकरी सोडली, काहींनी निवृत्तीपर्यंत सोडली नाही. पण नाटकाचं वेड सगळ्यांना लागलं ते नोकरीत असताना किंवा नोकरीच्या आधी कॉलेजात.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. नाटक मंडळ्यांच्या काळात नोकरी आणि नाटक असा पेच पडत नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तिथपासून पुढची चाळीस-पन्नास वर्षं नट कंपनीच्या बिऱ्हाडातच राहायचा. जेवणखाण कंपनीचं, कपडे कंपनीचे, गाणं शिकवणारा गवई कंपनीचा, मुक्काम हलला की बिऱ्हाडासकट हलायचं. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि थोड्याच वर्षांत एकेका मंडळीचा पडदा कायमचा पडला. थिएटरांची चित्रपटगृहं झाली. १९४३ साली सांगलीत मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली तेव्हा तिचं पुढे काय होणार, ही काळजी खरी होती. ती पेलली साहित्य संघासारख्या संस्थांनी, म्हणजे दिवसा दुसरं काम करणाऱ्या लोकांनी. १९५४ पासून सरकारची राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. नागपूरच्या रंजन कला मंदिरातून पुरुषोत्तम दारव्हेकर पुढे आले. ‘नटसम्राट’ बसवलं ते त्यांनीच. रंगभूमी कंपनीच्या बिऱ्हाडातून निघून ऑफिस सुटलेल्या माणसांच्या हाती आली.

त्यांची संध्याकाळ कशी असते?

साडेसातची तालीम साडेसातला सुरू होत नाही, हे दिग्दर्शकासकट सगळ्यांना माहीत असतं. तरीही निरोप साडेसातचाच जातो, कारण आठ सांगितलं तर लोक साडेआठला येतात. जागा महापालिकेच्या शाळेतला एखादा वर्ग, नाहीतर वाचनालयाचा वरचा मजला. बाकं भिंतीला लावायची. खडूनं जमिनीवर दार, खिडकी आणि जिना आखायचा. दोन बाकं जोडली की सोफा झाला. ज्याची एन्ट्री पहिल्या अंकाच्या शेवटी आहे, तो खुशाल कोपऱ्यात डबा उघडून बसतो. सेकंड शिफ्टवाला आला नसेल तर त्याची वाक्यं प्रॉम्प्टर सपाट आवाजात वाचतो आणि समोरची बाई त्या सपाट आवाजाकडे पाहून खरंखुरं रडते. खडूच्या दारातून न जाता भिंतीतून आलेल्या नटाला सगळे एकसुरात परत पाठवतात.

मग एका जागी गाडी अडते. बाप मुलाला विचारतो, ‘किती वाजता आलास?’ आणि पाणी पितो. वाक्य आधी की पाणी आधी? वाक्य आधी बोललं तर बाप रागावलेला वाटतो. पाणी पिऊन बोलला तर तो बराच वेळ जागा होता असं वाटतं. तांब्या तोंडाला लावण्याआधी बोलला आणि मग प्यायलाच नाही, तर काय? करून बघा. पुन्हा. अजून एकदा. शेवटी बाप तांब्या उचलतो, विचारतो आणि उत्तर न ऐकताच तांब्या खाली ठेवतो. डबा खाणारा खाणं थांबवतो. दिग्दर्शक म्हणतो, “हे ठेवा.”

पाण्याच्या तांब्यावर अर्धा तास गेला, याचं तिथं कुणाला काही वाटत नाही. बँकेच्या काउंटरवर दिवसभरात शंभर लोकांशी बोललेल्या माणसाला एका वाक्यावर अर्धा तास घालवता येणं ही चैन आहे. दिवसाच्या कामात फाइल येते आणि जाते. ती कुठून आली, पुढे कुठं गेली, तिचं काय झालं, ते कळत नाही. इथं मोकळ्या जमिनीवर खडूनं दार आखण्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत सगळं त्याच माणसांच्या डोळ्यांदेखत घडतं. चूक झाली तर रात्रीच कळते, जमलं तरी रात्रीच कळतं. नाटकवाल्यांना ओढणाऱ्या गोष्टींत टाळीचा नंबर बराच खाली लागतो. टाळी प्रयोगाला असते. तालमीला नसते, आणि तरी तालमीला माणसं येतात.

दिवसाचं काम रात्री उपयोगी पडतं, हेही एक कारण आहे. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’तर्फे उभं राहिलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. बेणारे शाळेत शिकवते. सुलभाताईही दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. आणि हे नाटक ज्यांच्याविषयी आहे, ती मंडळी म्हणजे गावोगाव प्रयोग करत फिरणारा एक हौशी कंपूच. कुणी वकिली न चाललेला, कुणी परीक्षा न सुटलेला, कुणी समाजसेवेचा झब्बा घातलेला. प्रयोगाआधीचा रिकामा वेळ काढायला ते खोटा खटला उभा करतात आणि तो त्यांच्या हातून भलतीकडेच जातो. म्हणजे तेंडुलकरांनी हौशी नाटकवाल्यांना त्यांच्याच रंगमंचावर आरोपीसारखं उभं केलं, आणि ते काम हौशी नाटकवाल्यांनीच आनंदानं स्वीकारलं. सोज्ज्वळ भूमिका सोडून लोक या नाटकाकडे गेले, ते आपल्यातलंच काहीतरी त्यात पकडलं गेलंय हे उमगल्यामुळे.

पुढे १९७१ साली देशपांडे दांपत्य आणि अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ काढली. १९७४ पासून छबिलदास शाळेच्याच सभागृहात प्रयोग होऊ लागले. दादर स्टेशनजवळच्या गल्लीतली ती शाळा. मखमली पडदा नाही, फिरता रंगमंच नाही, प्रेक्षक हाताच्या अंतरावर. तिथल्या नटाला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची गरज नव्हती. कुजबुजलेलंही ऐकू यायचं. मोठ्या नाट्यगृहात जे लपतं ते इथं लपायचं नाही आणि त्यासाठीच नट तिथं जायचे. मानधनाचा विषय काढावा असं त्या जागेत काही नव्हतंच. ‘आविष्कार’चा मुक्काम नंतर माहीमच्या महापालिका शाळेत हलला. पुन्हा शाळाच.

भक्ती बर्वे यांचं उदाहरण तर फारच बोलकं. त्या आकाशवाणीवर निवेदिका होत्या, दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. शुद्ध, स्वच्छ, ठेवणीतली मराठी हे त्यांचं रोजचं काम. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलेल्या ‘ती फुलराणी’त त्या मंजुळा झाल्या. रस्त्यावर फुलं विकणारी, बोली रांगडी, तीन अंकांत घासूनपुसून नागर भाषेपर्यंत येणारी. ज्या बाईला नागर भाषा येते तिलाच ती हळूहळू कशी शिकायची, कुठे अडखळायचं, कुठल्या शब्दावर जुनी बोली उसळून येऊ द्यायची, हे रोज रात्री नव्यानं जमवायचं होतं. बातम्यांत चुकीला माफी नव्हती, आणि इथं पहिल्या अंकात बरोबर बोललं तर तीच चूक. त्यांनी हे काम हजारावर प्रयोगांत केलं.

बायकांच्या वाट्याला ‘नोकरी सांभाळून’मध्ये आणखी एक शब्द येतो, ‘घर’. हौशी संस्थांमध्ये अजूनही बाईच्या भूमिका आधी मोजल्या जातात. तीनपेक्षा जास्त असल्या तर नाटक बाजूला पडतं, कारण तालमीला येणाऱ्या बायका मिळत नाहीत. मिळतात त्यांचं गणित शेवटच्या लोकलशी बांधलेलं असतं. घरी सासूबाईंची तब्येत, मुलांची परीक्षा, ‘एवढ्या रात्री?’ हा प्रश्न. तरीही ज्या टिकतात त्यांची पाठांतरं सगळ्यांत आधी पक्की असतात. वेळ मोजून मिळालेला असल्यामुळे तो वाया घालवणं त्यांना परवडत नाही.

नाव होईल म्हणून लोक नाटकात येतात, असं म्हणावं तर ‘घाशीराम कोतवाल’ आडवं येतं. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं त्याचा पहिला प्रयोग केला. भास्कर चंदावरकर यांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यं. या नाटकाचा कणा म्हणजे बारा ब्राह्मणांची मानवी भिंत. ती गाते, झुलते, वळते, पाठ फिरवते, मागचं लपवते आणि मधेच फट करून दाखवते. भिंतीतल्या माणसाला नाव नाही. कार्यक्रमपत्रिकेत ओळीनं छापलेल्या नावांपैकी आपलं कुठलं, ते नातेवाइकांनाच शोधावं लागायचं. पण भिंतीतला एक माणूस गळला तर भगदाड पडतं. नाना फडणवीस आजारी पडला तर प्रयोग पुढे ढकलता येतो, भिंतीतला माणूस मात्र आजारीच पडायचा नाही.

मोजक्या प्रयोगांनंतर संस्थेनं वादामुळे नाटक थांबवलं. तेव्हा ही मंडळी घरी गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. सगळ्यांना नोकऱ्या होत्या, शिक्षणं चालू होती. त्यांनी बाहेर पडून १९७३ साली ‘थिएटर अकॅडमी’ काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० साली विरोध आणि कोर्टकचेरी यांतून वाट काढत ते युरोपला गेलं. दौऱ्याची बातमी पेपरात येते, दौऱ्याआधीची रजा मात्र कुठंच येत नाही. एवढ्या माणसांची एकाच वेळची रजा वेगवेगळ्या साहेबांकडून मंजूर करून घेणं हे कुठल्याही हौशी संस्थेतलं खरं व्यवस्थापन. कुणाची रजा साठलेली, कुणाची बिनपगारी, कुणाचा साहेब नाटकवेडा निघाला तर ती चंगळ.

गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ही हौशी नाटकाचंच नाटक आहे. कोकणातल्या एका गावात द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रयोग बसतो आणि जिथं चुकायला वाव आहे तिथं सगळं चुकतं. मालवणीत असल्यामुळे हे मुंबईत चालेल यावर फारसा कुणाचा भरवसा नव्हता, सुरुवातीचे प्रयोग थंडही गेले. त्यात तात्या सरपंच झालेले मच्छिंद्र कांबळी यांनी ते सोडलं नाही. पु. लं.नी नाटक पाहून दिलखुलास पत्र लिहिलं, आणि मग बुकिंगच्या खिडकीवरचं चित्र पालटलं. पुढे त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. गिरणगावातला, चाळीतला चाकरमानी प्रेक्षक तात्या सरपंचांना पाहून पोट धरून हसायचा. शिमग्याला गावी जाऊन त्यानं स्वतः तलवार उलटी धरलेली असायची. प्रेक्षकांतले किती जण नट होते, याचा हिशेब कुठल्याच थिएटरला लागला नसता.

कोकणातल्याच सिंधुदुर्गात दशावतारी नटांबद्दल एक म्हण आहे. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळं गावोगाव निघतात. दिवसा शेतात, बागेत किंवा मजुरीवर असणारा माणूस संध्याकाळी देवळाच्या आवारात पोचतो. कपड्यांचा आणि मुखवट्यांचा पेटारा आधी पुजला जातो. रंगभूषाकार वेगळा नसतो. डाव्या हातात आरसा, उजव्या हातात रंग, मांडी घालून जो तो आपला चेहरा आपणच रंगवतो. स्त्रीभूमिका करणारा नट या कामाला सगळ्यांत जास्त वेळ घेतो आणि त्याला कुणी घाई करत नाही. साडीच्या निऱ्या एकदा नीट बसल्या की त्याची चाल बदलते, बिडी मागायची पद्धतही बदलते.

संहिता नसते. त्या रात्रीचं आख्यान कुठलं, कोण कुणाचा पुत्र, कुणाचा वध कुणाच्या हातून, एवढं मंडळाचा प्रमुख सांगतो. संकासुराचा धुडगूस झाला, पूर्वरंग संपला, की आख्यान लागतं. पुढची रात्र ज्याची त्यानं बोलून काढायची, मृदंग आणि पायपेटीच्या साथीनं. समोरचा नट काय बोलेल ते माहीत नसतं. त्यानं धर्माचा मुद्दा काढला तर धर्मानंच उत्तर द्यावं लागतं, पुराणातला दाखला दिला तर त्याच्यावर चढ दाखला हवा. जत्रेतले म्हातारे ऐकायला बसलेले असतात, त्यांना पुराण तोंडपाठ. इथं ओढ आहे ती या जुगलबंदीची. ज्याला दिवसभर कुणी मत विचारत नाही, तो रात्री दोन वाजता भर सभेत राजनीती सांगतो आणि गाव गप्प बसून ऐकतो.

विदर्भाच्या पूर्व टोकाला झाडीपट्टी हे आणखी वेगळं जग. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत धान निघालं की भाऊबीजेच्या सुमारास नाटकांचा हंगाम लागतो आणि होळीपर्यंत चालतो. गडचिरोलीतलं वडसा हे त्याचं केंद्र, तिथं नाट्यमंडळांची कार्यालयं ओळीनं आहेत. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, तेही उजाडेपर्यंत. तिकिटं काढून हजारोंचा जमाव शामियान्यात बसतो. २०२३ साली पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे या रंगभूमीवरचे. सुमारे ५,००० प्रयोग आणि ८०० भूमिका त्यांच्या नावावर आहेत, आणि ते शेतकरी आहेत. इथला नट रात्रभर जागतो, पहाटे गाडीत झोपतो, दुपारी दुसऱ्या गावी उतरतो. हंगामात चार पैसे मिळतात हे खरं. पण उरलेलं वर्ष शेतीचं आहे, हेही तो विसरत नाही.

मराठवाड्यातून आलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांसमोर आलं. कल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचं, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. तांगडे स्वतः शेतकरी, आणि रंगमंचावरची बरीच मंडळी जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतली, शेतीमातीशी बांधलेली. तांगड्यांनी त्याआधी ‘आकडा’ लिहिलं होतं, विजेच्या तारेवर टाकायच्या आकड्यावर. शहरात कुणी आकड्याची गोष्ट सांगितली असती तर ती चोरीची झाली असती. या मंडळींना रात्री पंप चालू करायला अंधारात शेतावर जाणं माहीत होतं. आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणी चुकीचं सांगण्याआधी आपण सांगावं, ही ओढ त्यांच्या नाटकात उघड दिसते. त्यांचा आवाज नाट्यशाळेत कमावलेला नव्हता. बांधावरून हाक मारणाऱ्याला तो कमवावा लागत नाही.

मग नोकरी सोडून पूर्णवेळ नाटक करणाऱ्यांना काय बांधून ठेवतं? प्रभाकर पणशीकर यांनी आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा लखोबा १९६२ पासून पुढची कितीतरी वर्षं रंगवला. फिरता रंगमंच, एकामागून एक वेषांतरं आणि प्रत्येक वेळी तोच निगरगट्ट नकार. बेस्टची नोकरी सोडलेल्या प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२मध्ये १२,५०० वा प्रयोग केला. बाहेरच्याला वाटतं, तेच तेच बोलून कंटाळा येत नसेल का? नटाला विचारलं तर तो हशांच्या जागांबद्दल बोलू लागतो. शिवाजी मंदिरला जिथं हशा येतो तिथं नाशिकला येत नाही. गडकरी रंगायतनच्या दुपारच्या प्रयोगाला पेन्शनर मंडळी जास्त, त्यांचा हशा अर्धा सेकंद उशिरा येतो. तेवढा थांबला नाही तर पुढचं वाक्य हशात बुडतं, जास्त थांबला तर प्रसंग पडतो. रविवारी दुपारी एका गावात आणि रात्री दुसऱ्या गावात तेच नाटक करायचं, आणि दोन्हीकडे जागा वेगळ्या. संवाद तेच असले तरी समोर बसलेली माणसं रोज बदललेली असतात.

ज्याला हशा नाही आणि टाळी नाही, तो पडद्यामागचा माणूस या सगळ्यात सर्वांत अवघड प्रश्न उभा करतो: मग तो का येतो? टेम्पोतून फ्लॅट उतरवायचे, लेव्हल जोडायच्या, इस्त्रीवाल्यानं कपडेपट मांडायचा, दिवे टांगून जागेवर मारायचे. तिसरी घंटा होईपर्यंत तीन-चार तासांचं काम झालेलं असतं. प्रयोग संपल्यावर प्रेक्षक नटांबरोबर फोटो काढत असताना मागे खिळे निघू लागलेले असतात. त्याला ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोगामागे पैसे. ती न परवडणारी आहे हे तोही सांगतो. पण ब्लॅकआउटमध्ये आठ सेकंदांत दिवाणखान्याचा इस्पितळाचा वॉर्ड झाला आणि दिवे आल्यावर प्रेक्षागृहात ‘अरे!’ असा आवाज उठला, तर विंगेत तो शेजाऱ्याला कोपर मारतो. तो ‘अरे!’ कुणासाठी होता, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मार्च २०२०मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा सगळ्यांत आधी कोसळला तो हाच. नोकरदार नटाचा पगार चालू होता, मालिकेतल्या नटाचं चित्रीकरण काही महिन्यांनी सुरू झालं. रंगमंच कामगाराला दुसरं दार नव्हतं. निर्मात्यांनी आणि कलाकारांनी मदत गोळा केली, अनेकांनी भाजी विकली, रिक्षा चालवली. मधे काही महिने अर्ध्या प्रेक्षकांत प्रयोग झाले, पुन्हा टाळं लागलं. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी नाट्यगृहं परत उघडली, तेव्हा काही माणसं परतली नव्हती. त्यांना रिक्षा बरी वाटली. नाटकाची ओढ असली तरी पोटापुढे तिचं नेहमीच चालतं असं नाही, हे या दीड वर्षानं सगळ्यांना स्वच्छ दाखवलं. परतले त्यांच्यातले बरेच जण रिक्षा चालवतच परतले. म्हणजे तेही आता नोकरी सांभाळून नाटक करणारे झाले.

नवी फळी मात्र थांबलेली नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. नेपथ्याचा बडेजाव नाही, कॉलेजची पोरं आणि त्यांच्या आरोळ्यांनी दणाणणारं भरत नाट्य मंदिर. त्या पोरांतली बहुतेक पाच वर्षांनी हिंजवडीच्या कुठल्यातरी कंपनीत असतात, आणि शनिवार-रविवारी पुन्हा एखाद्या हॉलमध्ये खडूनं दार आखत असतात. काही त्याहूनही लांब जातात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, आणि तिथं भारतातून आलेल्या नाटकांच्या जोडीला तिथल्या मंडळींचीही नाटकं होतात. तालीम कुणाच्यातरी बेसमेंटमध्ये, पाच जण समोर आणि दोघे दुसऱ्या शहरातून व्हिडिओ कॉलवर. नऊवारी, पगडी, पोलीस पाटलाचा फेटा हे सगळं सुट्टीवरून परतणाऱ्यांच्या सुटकेसांतून लोणच्याच्या बरणीशेजारी येतं. शुक्रवारच्या रंगीत तालमीसाठी रजा तिथंही टाकावी लागतेच. फक्त अर्ज इंग्रजीत असतो आणि कारणाच्या रकान्यात ‘फॅमिली फंक्शन’ असं लिहिलेलं असतं.